तांदळात ठेवलेलं घड्याळ

रायपूरला कोणी सहलीला जात नाही. मे महिन्यात तर नाहीच नाही. मी गेलो, कारण पुण्यासारख्या स्वतःला फार शहाणं समजणाऱ्या शहरात हातानं चावी द्यायचं एक साधं घड्याळ दुरुस्त करणारा माणूस मला मिळाला नाही. मिळाले ते सगळे विकणारे. मॉलमधल्या एका टायवाल्या तरुणानं ते घड्याळ दोन बोटांत धरलं आणि म्हणाला, "सर, हे आता व्हिंटेज झालं. फ्रेम करून लावा, मस्त दिसेल." पेठेतल्या एका नामांकित दुकानदारानं तर झाकणही न उघडता निदान केलं. आतलं सगळं काढून सेलवालं मशीन टाकतो म्हणाला, बाहेरून कोणाला कळणारसुद्धा नाही. वर तोंड करून हे सांगताना त्याला लाजही वाटली नाही.

घड्याळ माझं नव्हतं, हीच तर अडचण होती. ते बाबांचं. बाबा रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी गोंदियाला. आता पंच्याऐंशीचे आहेत आणि माझ्याकडे असतात. रोज सकाळी सहाला उठून, तोंड धुवायच्या आधी, ते या स्विस घड्याळाला चावी द्यायचे. मग दिवसभर घरादाराला वेळ सांगायचे, कोणी विचारो न विचारो. आणि महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे, "पन्नास वर्षांत याचं झाकण उघडावं लागलं नाही. वस्तू वापरायची अक्कल लागते." हे वाक्य माझ्यासाठी असायचं. माझ्या हातून लहानपणी रेडिओ गेला, सायकल गेली, पुढे लग्नात मिळालेला टेबलफॅन गेला. मी साठीला आलो तरी ती यादी त्यांना तोंडपाठ आहे.

मार्चमध्ये त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते म्हणाले, "आठ दिवस चावी तू दे." जन्मात पहिल्यांदा त्यांनी ती वस्तू माझ्या हातात दिली. चावी दे म्हणाले होते, मनगटावर बांध म्हणाले नव्हते. मी बांधलं. नुसतं बांधलं नाही, ते बांधून अंगणात पाइप लावून स्कूटर धुतली. काचेच्या आत धुकं दिसलं तेव्हा शेजाऱ्यानं भिजलेल्या मोबाइलचा उपाय सांगितला आणि मी घड्याळ तांदळाच्या डब्यात खुपसलं. मी पस्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं आहे, हे इथं सांगायला हवं. पाच दिवस ते त्या इंद्रायणी तांदळात होतं. बाहेर काढलं तेव्हा बंद.

बाबांनी ते कानाला लावलं, खाली ठेवलं आणि एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी सहाला उठणं सोडलं. आठ, नऊ, कधी दहा. जेवायला कधीही चालायचं. दिवसभर डावं मनगट उजव्या हातात धरून खिडकीशी बसायचे. दोन महिन्यांत ते माझ्या डोळ्यांदेखत खचले, आणि ते माझ्यामुळे खचले. मला भीती वाटू लागली.

तेव्हा रायपूरहून आत्याचा फोन आला. बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान रेल्वेतच होते, ती लग्न होऊन गेली ती तिकडचीच झाली. सगळं ऐकून ती म्हणाली, "तू ते घड्याळ घेऊन इकडं ये. बूढापारा मोहल्ल्यात मेश्राम हाये, घरीच बसून घड्याळं दुरुस्त करते. त्याच्याशिवाय कोणाले दाखवू नको." तिला घड्याळातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. पण तिकीट काढलं.

रायपूर, पहिला दिवस

सकाळी सातला स्टेशनाबाहेर आलो तर ऊन आधीच येऊन बसलं होतं. आत्याची नात नीतू स्कूटी घेऊन आली होती. ती सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात ऑफिसात काम करते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. मी विचारलं, "आत्या कशी आहे?" ती म्हणाली, "एकदम ठीक, काका. कल से आप के लिए चावल पीस रही है."

ती थट्टा नव्हती. नाश्त्याला चीला होता, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, टोमॅटोच्या चटणीबरोबर. दुपारी भात. संध्याकाळी फरा, तोही तांदळाचाच, उकडून फोडणी दिलेला. दुसऱ्या दिवशी उन्हाचं बरं म्हणून बासी दिली, रात्रीचा भात पाण्यात भिजवून, कांदा आणि मीठ घालून. पुण्यात शिळ्या भाताला फोडणी देतो आणि गुपचूप खातो. इथं तो थंडगार वाडग्यात मानानं पाहुण्याला देतात आणि तो, कबूल करतो, फारच चांगला लागतो. पण मला दर घासाला तो डबा आठवत होता.

आत्या म्हणाली, "दहा वाजता मेश्रामकडे जा. तो एक वाजेपावतोच बसते."

मी ऐकायला हवं होतं. पण घरात बसून काम करणाऱ्या कुणा मेश्रामच्या हाती बाबांचं घड्याळ आधी द्यायला माझं मन तयार नव्हतं. एवढं मोठं शहर, राजधानीचं. बाजारात एखादं बरं दुकान असेलच की. नीतूनं ऑफिसला जाता जाता मला सदर बाजारात सोडलं. "पक्का ना, काका? दादी गुस्सा करेगी," एवढंच म्हणाली.

सदर बाजार म्हणजे सराफांची आणि कापडवाल्यांची गल्ली. तिच्यातून एका वेळी जितकी माणसं जाऊ शकतात त्याच्या दुप्पट स्कूटरी जातात. प्रत्येक जण हॉर्न वाजवतो आणि कोणीही तो ऐकत नाही. तीन दुकानं पाहिली. पहिल्यात मालक दुकानातल्या सगळ्या घड्याळांखाली बसून मोबाइलमध्ये वेळ बघत होता. भिंतीवर चाळीसेक घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळे वाजले होते. दुसऱ्यानं मला मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ विकायचा प्रयत्न केला. "अंकल, आप की उम्र में यही काम का है." तिसऱ्याकडे मात्र कारागीर होता. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, झाकणाच्या कडेला भाजी कापायच्या सुरीसारखं काहीतरी घातलं आणि जोर लावला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "डरते क्यों हो? पुराना ही तो है." झाकणाच्या कडेवर केसाएवढा ओरखडा पडला होता. माझ्या खात्यात आणखी एक. घड्याळ हिसकावून मी बाहेर आलो तेव्हा कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता.

बूढापाऱ्यात मेश्रामांचं घर शोधून पोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तळ्याजवळच्या एका अरुंद गल्लीत पुढची खोली, दारावर पाटी नाही. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खिडकीशी एक बुटकं टेबल, त्यावर पांढरं फडकं झाकलेलं. सत्तरीचा एक किडकिडीत माणूस हात धुऊन टॉवेलला पुसत होता.

"उद्या," तो म्हणाला.

मी शिक्षक आहे, पुण्याहून आलो आहे, असं सांगितलं. ऐंशी तासांचा प्रवास करून आलेल्या माणसालाही त्यानं हेच सांगितलं असतं, अशा चेहऱ्यानं त्यानं खिडकीकडे बोट केलं.

"भाऊ, या खिडकीतून एक वाजेपावतो उजेड येते. मंग तो समोरच्या बिल्डिंगीवर जाते. लाइटमध्ये मी घड्याळ नाही उघडत. लाइटमध्ये गंज सोन्यासारखा दिसते."

एवढं अंतर कापून आलेल्या माणसाला दहा मिनिटांसाठी परत पाठवणारा हा कोण टिकोजीराव, असं वाटलं. मी फणकाऱ्यानं निघालो. आत्यानं दार उघडताच विचारलं, "बाजारात गेलता ना?" मी चपला काढत बसलो. तिनं भात वाढला.

बूढापारा

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच जाऊन बसलो. दहाला मेश्रामांनी फडकं काढलं. खाली लहान लहान काचेच्या वाट्या, चिमटे, ब्रशाच्या केसाएवढ्या बारीक काड्या, सगळं आपापल्या जागी. त्यांनी घड्याळ हातात घेतलं नाही. आधी मला विचारलं, "काय झालं होतं?"

"थोडा पाण्याचा शिंतोडा उडाला," मी म्हणालो.

"मंग?"

"मग पुसून कपाटात ठेवलं."

शिक्षकाला खोटं बोलता येत नाही असं लोकांना वाटतं. फार छान येतं, पोरांकडून रोज शिकायला मिळतं. मेश्रामांनी मान हलवली. झाकणाच्या कडेचा तो ओरखडा पाहून "हे सदर बाजार," म्हणाले, आणि एका रबरी गोळ्यानं झाकण हलकेच फिरवून काढलं. जोर नाही, सुरी नाही. भिंग लावून आत पाहिलं. मग नाक जवळ नेऊन वास घेतला. मग एका काडीच्या टोकावर काहीतरी पांढरं उचलून माझ्यासमोर काचेवर ठेवलं.

"भाऊ, तुमच्या कपाटात तांदूळ ठेवता का?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"तांदळाच्या पिठात पाणी मिळालं का त्याची खळ होते. ती चाकाच्या दातात जाऊन बसली. पाणी वाळलं असतं, गंज मी काढला असता. ही खळ काढाले तीन दिवस लागन." ते चिडलेले नव्हते, आणि त्यामुळे मला जास्त लाज वाटली. "काय शिकवता म्हणाले तुमी?"

"फिजिक्स."

"हव," ते म्हणाले. त्या एका 'हव'मध्ये माझी पस्तीस वर्षं गेली.

मग त्यांनी झाकण उलटं करून खिडकीकडे धरलं आणि एकदम थांबले. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. 

"हे घड्याळ कोणाचं हाये?"

"वडिलांचं. कधीच उघडलेलं नाही. पन्नास वर्षांत तुम्ही पहिले."

मेश्राम हसले. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनी झाकण आणि भिंग माझ्या हातात दिलं. "पाहा."

झाकणाच्या आतल्या बाजूला, चकचकीत धातूवर, सुईनं कोरल्यासारख्या बारीक खुणा होत्या. एक 'मे', शेजारी महिना आणि साल. त्याच्याखाली आणखी एक 'मे'. आणखी एक. मी मोजल्या. सहा. मी शाळेत जायच्या आधीची एक, शाळेत होतो तेव्हाच्या दोन, मी रेडिओ फोडला त्या वर्षीची एक.

"जो कारागीर घड्याळ उघडते तो आत आपली खूण करते," मेश्राम समजावून सांगू लागले. "पुढच्याले कळाले पाहिजे, कोणाचा हात लागला, कधी लागला. मालकाले कोणी सांगत नाही. हे 'मे' म्हणजे मेश्राम. पाच माझ्या बाबाचे. हे सहावं माझं. बाबा स्टेशनावरचे घड्याळं दुरुस्त करे. रात्री ड्यूटी करून आलेले गार्ड लोक स्टेशनाच्या रनिंग रूममध्ये झोपत आन् सकाळी आमच्या घरी येत. त्यातले हे एक. गोंदियाचे गार्डसाहेब ना? उंच, चष्मेवाले? बसाले सांगितलं तरी उभे राहत."

ते बाबाच. दुकानात बाबा कधी बसत नाहीत.

"पण गोंदियात घड्याळवाले नव्हते का?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण पोरासारखा निघाला.

"गार्डाचं घड्याळ बिघडलं हे गावात कळलं तं साहेबापावतो जाते. इज्जतीचा सवाल होता, भाऊ. म्हणून इतक्या लांब." मग त्यांनी काडीचं टोक चौथ्या खुणेजवळ नेलं. "आन् हे पाहा."

त्या 'मे'च्या शेजारी एक बारीकसं चित्र होतं. दोन्हीकडे निमुळतं, मध्ये फुगीर. मला वाटलं डोळा असेल.

"धानाचा दाणा हाये. माझ्या बाबानं कोरला. गार्डसाहेबाचं घड्याळ नदीत पडलं होतं. वैनगंगेत, कोणत्या तरी जत्रेत. त्यांनी काय केलं असन?"

मला उत्तर ठाऊक होतं.

"चिन्नोरच्या, वासाच्या तांदळाच्या, पोत्यात ठेवलं. आठ दिवस. बाबानं उघडलं तं अख्ख्या घरात भाताचा वास. बाबा लई खवळले. म्हणे, हा माणूस पुन्हा हेच करन, पुढच्या कारागिराले माहीत पाहिजे. म्हणून दाणा, आन् तो गार्डसाहेबाले दाखवून कोरला. आमच्या घरी त्यांचं नावच पडलं होतं, चावलवाले गार्ड." ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबाचा अंदाज बरोबर होता. फकत एका पिढीनं चुकला."

मी तिथून उठून तळ्याकाठी जाऊन बसलो. राग आला होता, खरा. पन्नास वर्षं! रेडिओसाठी मला दोन दिवस बोलले नव्हते. सायकलचा पाढा माझ्या सासरच्या माणसांसमोर वाचला होता. आणि हा माणूस स्वतः घड्याळ नदीत पाडून, पोत्यात कोंबून, रायपूरला चोरून आणत होता. आत्या? तिलाही माहीत असणार. तिच्या घरी जेवून मगच ते मेश्रामांकडे जात असणार. तळ्याच्या कठड्याशी चणे विकणारी बाई मला म्हणाली, "भैया, छाव में बइठ जा." मी उन्हातच बसलो.

घरी जाऊन आत्याला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, अर्थातच. मान वर न करता म्हणाली, "मले सारं माहीत होतं. दादानं शपथ घातली होती, पोराले सांगायचं नाही म्हणून."

"का?"

"काहून म्हणजे? तुझ्या मायनं मरेपावतो ऐकलं ना, याचं झाकण उघडलं नाही म्हणून. एकदा बोलून गेला तं बोलून गेला. मंग माघारी कसा येईन माणूस?" तिनं खडा बाजूला टाकला. "तू तरी बाजारात गेला हे कबूल केलं का मले?"

तीन दिवस माझ्याकडे काही काम नव्हतं. नीतूनं शहर दाखवलं. सिलतऱ्याकडच्या बाजूला झाडांची पानं कारखान्यांच्या काजळीनं काळी आहेत, आणि तिच्या ऑफिसात टेबल दिवसातून चार वेळा पुसतात. ती म्हणाली, "आदत हो गई, काका." मला या कशाची सवय व्हायची नव्हती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. घरी पोचल्यावर झाकण उघडून बाबांसमोर धरायचं. भिंग हातात द्यायचं. "वाचा," म्हणायचं. एवढंच. नंतर रेडिओचं नाव काढायचं. किती वेगवेगळ्या सुरांत ते म्हणून पाहिलं, सांगायची सोय नाही.

चौथ्या दिवशी मेश्रामांनी घड्याळ दिलं. एक चाक जुन्या मोडीतून काढून बसवलं होतं, बाकी सगळं धुऊन तेच. ते चालू होतं. मी कानाला लावलं. तो आवाज मी लहानपणापासून बाबांच्या उशीशेजारी ऐकला होता आणि दोन महिने घरात तो नव्हता. माझे डोळे भरून आले, आणि मेश्रामांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

"खूण केली का?" मी विचारलं.

"केली. करालेच लागते."

"आणि?"

"आन् दाणा पण," ते म्हणाले. "बाबाच्या दाण्याच्या बाजूले. माफ करा, पण पुढच्याले माहीत पाहिजे."

घरी

पुण्याला पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. बाबा नुकतेच उठले होते. खिडकीशी, मनगट हातात धरून. मी घड्याळ त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. तयार केलेली वाक्यं सगळी तोंडात होती.

त्यांनी ते उचलून कानाला लावलं. डोळे मिटले. चावीला अर्धाच फेरा दिला, अंदाज घेत. मग मनगटावर पट्टा बांधू लागले. पट्टा नेमक्या भोकात जाईना. मी पुढे झालो आणि बांधला. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"आत्याकडे गेला होतास," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"मेश्राम आहे अजून?"

"वडील नाहीत. मुलगा आहे."

ते काट्याकडे पाहत राहिले. माझ्या खिशात त्यांना द्यायला खास विकत घेतलेलं भिंग होतं. माझा हात खिशात होता.

"किती दाणे झाले?" बाबांनी विचारलं.

मी भिंग सोडून दिलं. "दोन," म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. हिशेब बरोबर आल्यासारखी. त्यांच्या ओठांचा डावा कोपरा जरासा हलला, तो मी साठ वर्षांत फार तर चार वेळा हललेला पाहिला आहे.

"तुझा तांदूळ कुठला होता?"

"इंद्रायणी."

"वाया घालवलास," ते म्हणाले. "माझा चिन्नोर होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांच्या खोलीतला दिवा लागला. मी अंथरुणातच होतो. "साडेसहा वाजत आले," ते सहा वाजून पाच मिनिटांनी ओरडले, "उठायचं आहे की नाही?"